त्या २२५ अभ्यासांत लॅब नाहीच

इंजिनिअरिंग शिक्षणावरचा कुठलाही प्रस्ताव, सेमिनार रिपोर्ट किंवा एखाद्या कॉलेजचं 'इनोव्हेटिव्ह टीचिंग'चं पीपीटी उघडा. पहिल्या दोन-तीन पानांत एक वाक्य बहुतेक वेळा सापडतं: अ‍ॅक्टिव्ह लर्निंगमुळे निकाल सुधारतो हे संशोधनाने सिद्ध झालं आहे, म्हणून आम्ही हँड्स-ऑन लॅब उभारतोय. वाक्याच्या शेवटी कंसात 'फ्रीमन आणि इतर, २०१४'. पुढच्या पानावर किटची यादी, तीन कोटेशन्स, एखादा थ्रीडी प्रिंटर.

मला आज त्या 'म्हणून'बद्दल लिहायचंय. कारण तुमच्यातले बरेच जण येत्या वर्षभरात सिनॉप्सिस लिहिणार, लिटरेचर रिव्ह्यू करणार, आणि हे वाक्य तुमच्याही हातून जाणार. वाक्याचा पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्या भागावर पैसे खर्च होतात आणि विद्यार्थ्यांचे आठवड्यातले सहा-आठ तास जातात. पण पहिल्यातून दुसरा निघत नाही.

आधी पेपर काय म्हणतो ते बघू. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये एक मेटा-अ‍ॅनालिसिस छापलं. मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे स्वतः नवा प्रयोग न करता आधी झालेल्या अनेक अभ्यासांचे आकडे एका मापात आणून त्यांचा एकत्र हिशोब मांडणं. त्यांनी विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगच्या पदवी कोर्सेसमधले एकूण २२५ अभ्यास घेतले. एका बाजूला पारंपरिक लेक्चर, दुसऱ्या बाजूला वर्गात काही ना काही करायला लावणारं शिकवणं. निष्कर्ष दोन. परीक्षेतले गुण सरासरी ०.४७ स्टँडर्ड डेव्हिएशनने वाढले. आणि नापास होण्याचं प्रमाण लेक्चरमध्ये ३३.८ टक्के होतं, ते दुसऱ्या पद्धतीत २१.८ टक्के निघालं.

०.४७ हा आकडा वाचून काहीच बोध होत नाही, मला माहितीये. असं समजा: लेक्चरच्या वर्गात जो विद्यार्थी बरोबर मधोमध, म्हणजे ५० व्या पर्सेंटाइलवर आहे, तोच दुसऱ्या पद्धतीने शिकला असता तर लेक्चरवाल्यांच्या हिशोबात साधारण ६८ व्या पर्सेंटाइलवर पोचला असता. शिक्षणाच्या संशोधनात हा परिणाम चांगलाच मोठा मानतात.

आता मेथड्सचा भाग. तो लोक वाचत नाहीत, अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर भागवतात. कुठला अभ्यास आत घ्यायचा आणि कुठला नाही, याच्या अटी तिथे दिल्यात. त्यातली एक अट अशी की बदल हा मुख्यतः किंवा पूर्णपणे नेहमीच्या वर्गाच्या तासात किंवा ट्युटोरियलसारख्या सत्रात केलेला असला पाहिजे. लॅबमधले बदल या अटीत बसत नाहीत. हेतू समजण्यासारखा आहे: लेक्चरची जागा कशाने घेतली तर काय होतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न त्यांनी नीट विचारला आणि नीट उत्तर दिलं. पण लॅबला त्या उत्तरात जागा नाही. जो पेपर लॅबकडे बघतच नाही, तो लॅबच्या बाजूने साक्षीदार म्हणून आपण सर्रास उभा करतो.

(आणखी एक गोष्ट त्याच पेपरात आहे, ती जाता जाता. सुधारणा कशावर मोजली यावर आकडा बराच बदलतो. कन्सेप्ट इन्व्हेंटरीवर, म्हणजे समज तपासणाऱ्या तयार प्रमाणित चाचण्यांवर, परिणाम ०.८८, कोर्सच्या नेहमीच्या परीक्षेवर ०.३०. आपल्याकडच्या विद्यापीठ परीक्षेत 'डिराइव्ह' आणि 'एक्स्प्लेन विथ नीट स्केच' यांचा जो महिमा आहे, तो बघता आपल्याला यातला कुठला आकडा लागू पडेल याचा विचार संदर्भ देण्याआधी करावा.)

मग लॅबबद्दल संशोधन काय म्हणतं? इथे गोष्ट अवघड होते.

नताशा होम्स, कार्ल वायमन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा एक पेपर आहे, 'फिजिकल रिव्ह्यू'च्या फिजिक्स शिक्षणावरच्या शाखेत. वायमन म्हणजे २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. नंतर त्यांनी बराच काळ शिकवण्याच्या संशोधनाला दिला. प्रश्न साधा होता: लॅब केल्याने थिअरी जास्त समजते का? तीन संस्था, पहिल्या वर्षाच्या पातळीचे नऊ लॅब कोर्स, जवळजवळ ३००० विद्यार्थी.

या अभ्यासाची रचना मला फार आवडते आणि संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी. हे कोर्स असे होते की लॅब घेणं ऐच्छिक होतं. मग पहिला मोह काय होतो? लॅब घेतलेल्यांचे परीक्षेतले गुण आणि न घेतलेल्यांचे गुण यांची तुलना करायची. पण ऐच्छिक असताना लॅब कोण घेतं? ज्याला विषयात रस आहे तो, किंवा ज्याच्या डिग्रीला लॅब लागते तो. ही मुलं मुळातच वेगळी असू शकतात. त्यांचे गुण जास्त आले तर ते लॅबमुळे की आधीपासूनच, कळायला मार्ग नाही.

त्यांनी काय केलं, तर परीक्षेतले प्रश्न दोन गटांत वाटले. एका गटात ज्या विषयांवर लॅबमध्ये प्रयोग झाला होता ते प्रश्न, दुसऱ्यात ज्यांवर झाला नव्हता ते. मग प्रत्येक विद्यार्थ्याच्या या दोन गटांतल्या कामगिरीतला फरक काढला. म्हणजे विद्यार्थ्याची तुलना स्वतःशीच. हुशार मुलगा दोन्हीकडे हुशार असतो, त्यामुळे हुशारी हिशोबातून वजा होते. आता लॅबमुळे थिअरीला मदत झाली असेल, तर लॅब घेतलेल्यांमध्ये 'लॅबवाले' प्रश्न तुलनेने जास्त सुटलेले दिसले पाहिजेत.

दिसले नाहीत. फरक शून्याच्या आसपास. नऊच्या नऊ कोर्समध्ये.

हे वाचून एखाद्याला वाटेल, मग लॅब बंदच करा. असा अर्थ काढणारे भेटतातही, विशेषतः ज्यांना लॅबचा खर्च वाचवायचाय असे. मला तो अर्थ चुकीचा वाटतो, आणि का ते सांगतो. त्या लॅब्जचं ध्येयच मुळी लेक्चरमधली थिअरी पक्की करणं हे होतं, आणि त्याच ध्येयावर त्या मोजल्या गेल्या. ध्येय गाठलं गेलं नाही, इतकंच सिद्ध झालं. लॅबने दुसरं काही शिकवता येतं का, हा प्रश्न या पेपरने तपासलेला नाही. शिवाय तो फिजिक्सचा अभ्यास आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने लॅबमधून फक्त थिअरी पक्की करून बाहेर पडावं, अशी अपेक्षा तरी कोण करतं?

खरं म्हणजे इंजिनिअरिंग लॅब कशासाठी, यावर विचार झालेला आहे. २००२ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला या एकाच प्रश्नावर एक बैठक झाली आणि तिथे लॅबची १३ उद्दिष्टं निघाली. लायल फाइझेल आणि अल्बर्ट रोझा यांच्या २००५ च्या लेखात ती सापडतात. उपकरण हाताळणं, डेटाचं विश्लेषण, डिझाइन, सुरक्षितता, टीमवर्क वगैरे अपेक्षित गोष्टी त्यात आहेतच. पण दोन मला खास वाटतात. एक, मॉडेल कुठवर खरं आहे आणि कुठे तुटतं हे ओळखणं. दुसरं, अपयशातून शिकणं: उपकरण, पद्धत किंवा जोडणी कुठे फसली ते शोधून पुन्हा करून बघणं. आपल्या लॅब मॅन्युअलच्या 'एम ऑफ द एक्स्पेरिमेंट' या ओळीशी ही यादी ताडून बघा. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक एम 'टू व्हेरिफाय', 'टू स्टडी' किंवा 'टू डिटरमाइन'ने सुरू होतो. व्हेरिफाय करायचं म्हणजे उत्तर आधीच ठरलंय.

एक प्रयोग घेऊनच बोलू, म्हणजे हवेत गप्पा होणार नाहीत. मेकॅनिकल किंवा सिव्हिलला असलेल्या प्रत्येकाने यूटीएमवर माइल्ड स्टीलची टेन्साइल टेस्ट 'केली' आहे. अवतरणचिन्हं मुद्दाम टाकलीत. ४०० किंवा ६०० किलोन्यूटनचं मशीन, भोवती वीस जणांची बॅच. लॅबचे मामा सळई ग्रिपमध्ये बसवतात, सर लोड वाढवतात, पुढचे चार जण वाचन घेतात, मागचे सोळा जण 'धडाम' आवाजाची वाट बघतात. सळई तुटते. तुटलेला कप-कोन सगळे हातात घेऊन बघतात, हा भाग खरोखर छान असतो. नंतर वाचनं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, ग्राफ निघतो आणि यंग्ज मॉड्युलस २०० ते २१० गिगापास्कलच्या मध्ये कुठेतरी येतो. जर्नल चेक, सही, विषय संपला.

आता गंमत बघा. १० मिमी व्यासाची सळई, ५० मिमी गेज लेंग्थ. २०० मेगापास्कल ताणाला, म्हणजे यील्डच्या अलीकडे, लोड होतो साधारण १५.७ किलोन्यूटन. त्या वेळी ५० मिमीमध्ये सळई किती लांबते? २०० भागिले २,००,००० गुणिले ५०, म्हणजे ०.०५ मिमी. जवळपास एका केसाच्या जाडीइतकी. एवढी लांबी मोजायला सळईवरच एक्स्टेन्सोमीटर लावावा लागतो. तो लावला नाही आणि मशीनच्या क्रॉसहेडची हालचाल हीच सळईची लांबी धरली, तर त्या हालचालीत ग्रिपमधलं सरकणं, मशीनच्या फ्रेमचं स्वतःचं ताणलं जाणं, गेजच्या बाहेरच्या सळईची लांबी, सगळं मिसळतं. त्यातून काढलेला मॉड्युलस २०० च्या कितीतरी खाली येतो. यायलाच हवा.

म्हणजे ज्या बॅचने एक्स्टेन्सोमीटर न लावता २०५ गिगापास्कल लिहिलंय, त्या बॅचने काहीही मोजलेलं नाही. आणि ज्या बॅचला खरोखर ४० किंवा ६० असं काही मिळालं, तिला सर बहुधा सांगतात: 'कुठेतरी चुकलंय, पुस्तकातली व्हॅल्यू बघून अ‍ॅडजस्ट करा.' अख्ख्या प्रयोगातला सर्वात शिकण्याजोगा क्षण तोच होता! आपण नेमकं काय मोजतोय, मशीन कुठे संपतं आणि सळई कुठे सुरू होते, हे मॉडेल कुठे फसलं. फाइझेल आणि रोझांची ती दोन उद्दिष्टं एका आकड्यात समोर उभी होती आणि आपण ती खोडरबराने पुसली.

या प्रयोगात हात वापरलेत का? वापरलेत. महागडं मशीन आहे का? आहे. 'हँड्स-ऑन' म्हणता येईल का? फॉर्मवर नक्की म्हणता येईल. पण विद्यार्थ्याने एकही निर्णय घेतलेला नाही. किती वाचनं, कुठल्या अंतराने, कुठल्या उपकरणाने, आलेलं उत्तर मान्य करायचं की पुन्हा करायचं, हे सगळं मॅन्युअलने आधीच ठरवलं. माझं म्हणणं सगळं याच एका जागी आहे. लॅब चांगली की वाईट हे विद्यार्थ्याच्या हातात काय दिलं यावर ठरत नाही. त्याच्यावर कुठला निर्णय सोपवला, यावर ठरतं. आणि उपलब्ध पुराव्यातला सर्वात ठोस भागसुद्धा याच दिशेला बोट दाखवतो.

तो पुरावा म्हणजे होम्स, वायमन आणि डग बॉन यांचा २०१५ चा पेपर, हाही 'प्रोसीडिंग्ज'मध्येच. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला पहिल्या वर्षाचा लॅब कोर्स. उपकरण म्हणाल तर लंबक आणि स्टॉपवॉच. अकरावीतलं. विद्यार्थ्यांना लंबक १० अंशांवरून आणि २० अंशांवरून सोडून दोन्हींचा आवर्तकाल ताडून बघायचा होता. पुस्तक सांगतं, लहान कोनांना आवर्तकाल कोनावर अवलंबून नसतो. हे अंदाजे खरं आहे, पूर्ण खरं नाही. एक मीटरचा दोरा घेतला तर आवर्तकाल साधारण २ सेकंद, आणि १० व २० अंशांतला फरक जेमतेम ०.०११ सेकंद. हाताने स्टॉपवॉच दाबण्यात ०.१ ते ०.२ सेकंदाचा गोंधळ असतो. दहा आंदोलनं मोजली तर एकूण फरक ०.११ सेकंद, म्हणजे हाताच्या गोंधळातच बुडून जाणारा. मुलं लिहितात, 'दोन्ही समान आहेत, सिद्धांत पडताळला.' पन्नास आंदोलनं मोजली तर फरक अर्ध्या सेकंदाच्या पुढे जातो आणि डोकं वर काढतो. (तोवर आंदोलन मरायला लागतं, ती वेगळी डोकेदुखी. पण तीसुद्धा विद्यार्थ्यालाच सोडवू द्यावी.)

संशोधकांनी बदल काय केला? नवं यंत्र आणलं नाही. त्यांनी दोन सवयी लावल्या. पहिली: दोन आकड्यांची तुलना नजरेने न करता, त्यांच्यातला फरक अनिश्चिततेच्या किती पट आहे ते काढायचं. दुसरी: ते बघून पुढे काय करायचं हे ठरवायचं आणि ते खरंच करायचं. फरक अनिश्चिततेपेक्षा लहान आला, तर 'समान आहे' म्हणून वही मिटायची नाही. आपलं मोजमाप इतकं ढोबळ आहे की फरक दिसतच नाही, असंही असू शकतं. मग मोजमाप सुधारा आणि पुन्हा करा. फरक तीन पटींहून जास्त आला, तर मोजमाप तपासा किंवा मॉडेलवर शंका घ्या. सुरुवातीला हे करायला स्पष्ट सांगितलं जायचं. नंतर हळूहळू त्या सूचना काढून घेतल्या.

सूचना काढल्यावरही ही मुलं आपणहून पद्धत सुधारण्याचा प्रस्ताव मांडत होती किंवा ती सुधारत होती, आधीच्या वर्षीच्या बॅचच्या १२ पट. आपल्या डेटावरून मॉडेलची मर्यादा ओळखून ती समजावणाऱ्यांचं प्रमाण ४ पट. पुढच्या वर्षीच्या वेगळ्या लॅब कोर्समध्ये गेल्यावरही फरक टिकलेला दिसला. मला या पेपरातली सर्वात मोलाची ओळ ही शेवटची वाटते, कारण वर्षभर टिकणारा परिणाम मोजायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

आता याच पेपरवर टीकाही करायला हवी, नाहीतर आपणही 'म्हणून'वाले होऊ. एक: तुलना आधीच्या वर्षीच्या बॅचशी आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. वर्ष बदललं की आणखी बऱ्याच गोष्टी बदलतात. दोन: '१२ पट' ऐकायला दणदणीत वाटतं, पण पट काढताना खालचा आकडा किती लहान आहे ते बघावं लागतं. पारंपरिक लॅबमध्ये आपणहून पद्धत सुधारणारं जवळजवळ कुणीच नसेल, तर थोडीशी वाढसुद्धा अनेक पट दिसते. (याची दुसरी बाजू अशी की पारंपरिक लॅबमध्ये असं करणारं कुणी सापडू नये, ही स्वतःच एक बातमी आहे.) तीन: हे एक विद्यापीठ, एक कोर्स, आणि तिथे शिकवणारे लोक या विषयात मुरलेले. मामांकडे दोन लॅबच्या किल्ल्या आणि मॅडमकडे आठवड्याला अठरा तास, अशा ठिकाणी हेच कसं चालेल हे त्यातून कळत नाही.

हा तिसरा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात अवघड. कारण आपल्या लॅबला खरा आकार मॅन्युअल देत नाही, टर्म वर्कचे गुण देतात. सेमिस्टरला आठ-दहा प्रयोग 'पूर्ण' व्हायला हवेत, प्रत्येकाचं राइट-अप, प्रत्येकावर तारखेची सही. एक प्रयोग तीन आठवडे चालला तर बाकीचे कधी होणार? सबमिशनच्या आठवड्यात एक्स्टर्नल येतात तेव्हा ते वही उघडून प्रयोग मोजतात. कुठल्या प्रयोगात किती वेळा पद्धत बदलली, हे कुणी विचारत नाही. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा स्थायी सदस्य झाला आणि 'आउटकम' हा शब्द प्रत्येक स्टाफरूममध्ये पोचला. पण सीओ-पीओ मॅपिंगच्या तक्त्यात लॅबचा अटेनमेंट बऱ्याचदा त्याच टर्म वर्कच्या गुणांतून काढतात. सगळ्यांना २५ पैकी २१ ते २४. अटेनमेंट उत्तम!

तेव्हा शिक्षकांना 'तुम्ही सुधारा' म्हणणं सोपं आहे, पण तो अन्याय आहे. दहाऐवजी पाच प्रयोग, आणि त्यातले दोन असे की ज्यांचं उत्तर पुस्तकात नाही, एवढा बदल अभ्यासक्रमाच्या पातळीवर झाला पाहिजे. बोर्ड ऑफ स्टडीजने केला तर तो होईल, नाहीतर एकटा शिक्षक किती दिवस रेटणार? स्वायत्त कॉलेजांना मात्र ही सबब नाही. त्यांनी स्वतःचा अभ्यासक्रम लिहिताना विद्यापीठाचीच प्रयोगांची यादी जशीच्या तशी का उतरवावी, हे मला कळलेलं नाही.

आता 'विद्यार्थ्यांना आवडलं का' याबद्दल थोडंसं, कारण आपल्याकडच्या बहुतेक पेपरांचा 'रिझल्ट' शेवटी फीडबॅक फॉर्मवर येऊन थांबतो. लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गात हे तपासलं. तेच विद्यार्थी एका विषयाला छान तयारीचं लेक्चर ऐकत, दुसऱ्या विषयाला स्वतः डोकं चालवत. गटांची अदलाबदल केलेली. डोकं चालवणारे चाचणीत पुढे होते. पण 'मी जास्त शिकलो' असं वाटण्यात लेक्चरवाले पुढे. गुळगुळीत ऐकलं की समजल्यासारखं वाटतं आणि अडखळलो की वाटतं काहीच येत नाही. लॅबमध्ये जिथे खरोखर निर्णय घ्यावा लागतो तिथे हे आणखी जोरात होईल असा माझा अंदाज आहे. तेव्हा पाचपैकी साडेचारचा फीडबॅक हा शिकल्याचा पुरावा नाही, आणि अडीचचा फीडबॅक न शिकल्याचाही नाही.

आपल्या जवळचं एक उदाहरण देतो, जिथे हा फरक नीट पाळलाय. पवईला आयआयटी बॉम्बेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातल्या मंडळींनी शेकडो विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात 'थिंक-पेअर-शेअर' वापरून बघितलं: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी, मग सगळ्या वर्गात. २०१३ च्या त्यांच्या पेपरच्या नावातच निष्कर्ष आहे, ८३ टक्के विद्यार्थी गुंतून राहिले. मला त्यात आवडलं ते हे की त्यांनी 'गुंतून राहिले' एवढंच म्हटलं, 'शिकले' म्हटलं नाही. शिकले का, हा प्रश्न त्यांनी पुढच्या पेपरसाठी वेगळा ठेवला. ज्याला शिक्षणातल्या संशोधनात यायचंय त्याने हे दोन पेपर लागोपाठ वाचावेत.

आणि यावर स्वतः काही करायचं असेल, तर त्या यूटीएमवर परत या. समजा तुमच्या विभागात दुसऱ्या वर्षाच्या तीन बॅच आहेत. एका बॅचला नेहमीचं मॅन्युअल द्यायचं. दुसऱ्या बॅचला एवढंच सांगायचं की क्रॉसहेडवरून आणि एक्स्टेन्सोमीटरवरून असे दोन मॉड्युलस काढा, ते जुळत नसतील तर का ते मशीनवर शोधा, त्यासाठी एक जादा सत्र. मोजायचं काय? जर्नलचे गुण नक्कीच नाहीत. तीन-चार आठवड्यांनी दोन्ही बॅचना पूर्ण वेगळ्या प्रयोगाचा विसंगत डेटा द्या, समजा व्हेंचुरीमीटरचा डिस्चार्ज कोइफिशंट १ च्या वर आलेला, आणि ते त्याचं काय करतात ते बघा. किती जण 'मानवी चूक' लिहून मोकळे होतात, किती जण मॅनोमीटरमध्ये हवा अडकल्याचा विचार करतात. वह्या तपासणाऱ्याला कुठली वही कुठल्या बॅचची हे कळता कामा नये.

फक्त एक सापळा आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे. बॅच रोल नंबरप्रमाणे पडतात. बऱ्याच कॉलेजांत डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलांचे रोल नंबर यादीच्या शेवटी असतात, म्हणजे ती सगळी तिसऱ्या बॅचमध्ये. त्यांनी पॉलिटेक्निकला तीन वर्षं मशीनवर काढलेली असतात. त्यांच्यावर नवी पद्धत वापरलीत तर निकाल झकास येईल, जुनी वापरलीत तर नवी पद्धत कुचकामी ठरेल, आणि दोन्ही वेळा तुमच्या पद्धतीचा त्याच्याशी काही संबंध नसेल. एचओडी सरांकडून त्या एका प्रयोगापुरती बॅच चिठ्ठ्या टाकून पाडायची परवानगी मिळते का बघा. टाइमटेबल हलणार असल्याने पहिलं उत्तर 'नाही' असंच येईल. मग पर्याय उरतो तो होम्स आणि वायमनवाला: पहिल्याच आठवड्यात, काहीही शिकवण्याआधी, तोच विसंगत डेटाचा प्रश्न सगळ्या बॅचना घालायचा आणि प्रत्येकाची तुलना स्वतःशीच करायची.